कॅश साफ करण्यापूर्वी

"काका, कॅश साफ करून टाका, सगळं सुरळीत होईल," दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला आणि माझ्या पोटात गोळाच आला. सदतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला 'कॅश साफ करा' असे कुणी सांगावे! आमच्या काळी ज्याने कॅश साफ केली त्याच्या दारात पोलीस उभे राहिले आणि शाखाधिकाऱ्याच्या मागे चौकशीचा ससेमिरा लागला. त्या मुलाला अर्थातच ती कॅश म्हणायची नव्हती. संगणकातही एक कॅश असते. इंग्रजी स्पेलिंग निराळे, उच्चार मात्र तोच. पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी हाताशी असाव्यात म्हणून संगणकाने आपल्यापुरता करून ठेवलेला साठा, असा तिचा अर्थ. ती पुसली तरी काही बिघडत नाही, लागेल तेव्हा संगणक ती पुन्हा तयार करतो, असे सगळेच जाणकार सांगतात. ते खरेही आहे. माझ्या बाबतीत मात्र ते चौदा पानांपुरते खरे ठरले नसते.

ही हकीकत सांगायची तर सुरुवात सांगलीच्या महापुरापासून करायला हवी.

मी मे २०१९ मध्ये निवृत्त झालो आणि साताऱ्याच्या घरात कादंबरीची अर्धवट बाडे घेऊन बसलो. ऑगस्ट उजाडला आणि कृष्णेने सांगलीत थैमान घातले. आमची कृष्णा माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला कवेत घेऊन सांगलीला पोचते. साताऱ्यात पाऊस चार दिवस थांबला नाही की सांगलीकरांच्या काळजात धस्स होते, ते यामुळेच. सांगलीच्या इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. माझी थोरली बहीण, आक्का, लग्न होऊन गेली ती गावभागात. तिच्या घराचा खालचा मजला बुडाला. माणसे वेळेत बाहेर पडली, हे देवाचे उपकार. पण जिन्याखालची पत्र्याची ट्रंक पाण्यात राहिली आणि त्या ट्रंकेत आईची पत्रे होती.

आक्काचे लग्न १९७१ मध्ये झाले. तेव्हापासून १९९३ पर्यंत, म्हणजे शेवटच्या आजारपणात हात चालेनासा होईपर्यंत, आई तिला साताऱ्याहून पत्रे लिहीत होती. कार्डे आणि आंतर्देशीय. १९७२च्या दुष्काळातल्या तांबड्या मिलो ज्वारीपासून शेजारच्या म्हशीच्या बाळंतपणापर्यंत सगळे त्यांत होते. आंतर्देशीय पत्राची कडेची पट्टीसुद्धा आई मोकळी सोडत नसे. पैसे मोजले आहेत तर जागा वाया का घालवायची, हा तिचा हिशेब. पूर ओसरल्यावर आक्काच्या सुनेने ती पत्रे दोरीवर चिमटे लावून वाळवली. काहींची शाई पार वाहून गेली, काहींना बुरशी धरली, काही हातात घेताच तुटू लागली. मी सगळा गठ्ठा साताऱ्याला आणला आणि टाळेबंदीच्या वर्षात एकेक पान स्कॅन केले. पाठपोट धरून १,३८६ पाने झाली. जी पत्रे टिकण्यासारखी नव्हती ती आक्काच्या इच्छेप्रमाणे हरिपूरच्या संगमावर विसर्जित केली. म्हणजे त्या पत्रांचे आता कागदी रूप उरले नाही. जे होते ते माझ्या संगणकात.

आक्काच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला आहे. समोरच्या माणसाचा आकार कळतो, अक्षरे कळत नाहीत. तेव्हा दर रविवारी सकाळी मी तिला फोन करतो आणि आईचे एक पत्र वाचून दाखवतो. या कार्यक्रमात चार वर्षांत क्वचितच खंड पडला असेल. गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मात्र तो पडू लागला, कारण पत्रांचे फोल्डर उघडले की संगणक बसकण मारू लागला. माउसचा बाण गोठायचा, हार्ड डिस्कची घरघर सुरू व्हायची आणि पलीकडून आक्का विचारायची, "बाळ, सापडलं का रे पत्र?"

हा संगणक २०१४ मध्ये घेतलेला. रॅम चार गिगाबाइट. आत पूर्वी विंडोज ७ होती. १४ जानेवारी २०२० रोजी तिला कंपनीकडून मिळणारी देखभाल संपली, तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यावर लिनक्स मिंट ही प्रणाली बसवून दिली. फुकट आहे आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते, हे दोन गुण मला पुरेसे होते. शिवाय लिनक्सचे घराणे मला परके नव्हते. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची वाट आखून दिली आणि पुढे शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, तेव्हा त्यांच्या पोटात बहुधा युनिक्स जातीची प्रणाली असे. काळा पडदा, हिरवी अक्षरे आणि लुकलुकणारी रेघ. लिनक्स हे त्याच वळणावर १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेले काम. त्यामुळे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची वेळ आली तर माझ्या पिढीतला बँकवाला घाबरत नाही. त्याला जुने टेबल परत मिळाल्यासारखे वाटते.

दुकानातल्या मुलाने दोन उपाय सांगितले. एक, फॉरमॅट मारा. दुसरा, कॅश साफ करा. पहिला मी ऐकूनच सोडून दिला. रोकड जुळत नाही म्हणून कुणी शाखा पाडून नवी बांधत नाही. दुसऱ्यासाठी मी आठ दिवसांची मुदत मागितली. काय साफ करतो आहोत हे कळल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटत नाही.

आधी गुन्हा कुणाचा ते पाहायचे होते. लिनक्समध्ये 'टॉप' नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की कोणता प्रोग्रॅम किती स्मृती अडवून बसला आहे याचा तक्ता समोर येतो आणि दर काही सेकंदांनी बदलत राहतो. काळ्या पडद्याची भीती वाटणाऱ्यांसाठी हेच काम चित्ररूपाने करणारा 'सिस्टिम मॉनिटर'ही असतो. तक्त्यात स्मृतीचे दोन-तीन रकाने असतात. 'व्हर्च' या रकान्यातला आकडा प्रचंड दिसतो, पण त्याला घाबरायचे नाही. तो मंजूर कर्जमर्यादेसारखा आहे, उचललेल्या रकमेसारखा नाही. प्रत्यक्ष उचल दिसते ती 'रेस' या रकान्यात. तिथे माझ्या संगणकातला फाइल मॅनेजर एक पूर्णांक नऊ दशांश गिगाबाइट अडवून बसला होता. चारातले जवळपास निम्मे.

फाइल मॅनेजर म्हणजे फोल्डरे उघडून दाखवणारा, फाइली इकडून तिकडे नेणारा प्रोग्रॅम. आपल्या कचेरीतला दप्तरी शिपाई म्हणा. माझ्याकडच्या दप्तरदाराचे नाव 'नेमो'. हे नाव कुठून आले असेल, याचा शोध घेताना मजा वाटली. कॅलिफोर्नियातल्या इझेल नावाच्या कंपनीने २००१ साली 'नॉटिलस' हा फाइल मॅनेजर आणला. त्या कंपनीत पहिल्या मॅकिंटॉशच्या चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड होते. कंपनी त्याच वर्षी बुडाली, पण प्रोग्रॅम सर्वांना खुला असल्याने तो इतरांनी सांभाळला आणि वाढवला. पुढे २०१२ मध्ये मिंटच्या मंडळींना त्यातले बदल पटेनात, तेव्हा त्यांनी त्याचीच एक वेगळी शाखा काढली. तिचे नाव नेमो. नॉटिलस ही ज्यूल व्हर्नची पाणबुडी आणि नेमो तिचा कप्तान, हा धागा भा. रा. भागवतांच्या अनुवादांतून व्हर्न वाचलेल्या मराठी माणसाला सांगायला नको. हा कप्तान मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७च्या उठावात लढलेला, असे व्हर्ननेच पुढच्या कादंबरीत सांगून टाकले आहे. तर असा हा आपल्याकडचाच माणूस माझी स्मृती गिळत होता!

इथे स्मृती आणि साठा यांतला फरक सांगायला हवा, कारण पुष्कळ घरांत त्याचा गोंधळ असतो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे असत. हळद तिथे वर्षानुवर्षे राही. ती पेवे म्हणजे हार्ड डिस्क. वीज गेली तरी तिथला माल जागच्या जागी. रॅम म्हणजे मार्केट यार्डातला सौद्याचा ओटा. आज ज्याचा सौदा करायचा तेवढाच माल तिथे येतो आणि संध्याकाळी ओटा रिकामा होतो. ओटा छोटा आणि चलाख, पेव मोठे आणि संथ. ओट्यावर जागा उरली नाही की संगणक तिथला काही माल तात्पुरता डिस्कच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो. त्या कोपऱ्याला 'स्वॅप' म्हणतात. मग सारा वेळ ने-आण करण्यातच जातो. माझ्या डिस्कची घरघर होती ती या हमालीची.

पण ओटा भरलेला दिसला म्हणजे तक्रारीला जागा आहे, असेही नाही. माझी पहिली चूक इथेच झाली. 'फ्री' नावाची आज्ञा दिली तर मोकळी स्मृती जेमतेम दोनशे मेगाबाइट दिसली आणि मी हादरलो. भाच्याने फोनवर समजावले, "मामा, तो रकाना नका बघू. 'अव्हेलेबल' लिहिलंय तो बघा." आपल्या कोयना धरणाचे उदाहरण घ्या. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. ते भरले म्हणजे संकट आले, असे नव्हे. साठलेले पाणी उपयोगी असते, आणि दरवाजे उघडले की जागा करता येते. लिनक्सही रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही. नुकत्याच वाचलेल्या फाइलींच्या प्रती तिथे ठेवतो आणि कुणी जागा मागितली की त्या सोडून देतो. सोडता येण्याजोगे धरून किती जागा मिळेल, याचा अंदाज 'अव्हेलेबल' या रकान्यात असतो. २०१४ पासून लिनक्सचा गाभाच तो अंदाज काढून देतो. चिंता करायची ती पाण्याची नाही, गाळाची. गाळ म्हणजे प्रोग्रॅमने घेतलेली, काम संपल्यावरही न सोडलेली स्मृती. दरवाजे कितीही उघडा, गाळ जागचा हलत नाही.

मग पाणी कोणते आणि गाळ कोणता, हे ओळखायचे कसे? बँकेतली युक्ती इथे कामाला आली. रोजच्या रोज तोच व्यवहार करून फरक त्याच रकमेने वाढत असेल तर ती चूक नव्हे, ती सवय आहे, असे आमचे पहिले मॅनेजर म्हणत. मी संगणक नव्याने सुरू केला. फोल्डर उघडले, तळापर्यंत गेलो, बंद केले, आकडा वहीत लिहिला. पुन्हा तेच. असे सहा वेळा. आकडे आले ते असे, मेगाबाइटमध्ये: ४९०, ६७०, ८६०, १,०४०, १,२२०, १,४१०. प्रत्येक फेरीला एकशे ऐंशी-नव्वदची भर. एकदाच आकडा वाढून तिथेच राहिला असता तर मी काही म्हटले नसते. प्रोग्रॅमने सोडलेली स्मृती लगेच प्रणालीकडे परत जमा होतेच असे नाही. पुन्हा लागेल म्हणून ती जवळ राखली जाते. म्हणून आकडा उतरला नाही एवढ्यावरून गळतीचा आरोप करू नये. थांबणारी वाढ ही साठवण. न थांबणारी वाढ ही गळती.

आता दुसरी युक्ती. मी संगणकावर 'पाहुणा' नावाचे नवे खाते उघडले आणि त्यातून तेच फोल्डर उघडले. पहिल्या फेरीत यंत्र इथेही धापा टाकू लागले, पण आकडा साडेतीनशेच्या आसपास थांबला आणि पुढच्या पाच फेऱ्यांत तिथेच राहिला. याचा अर्थ दुखणी दोन होती. पहिल्या फेरीची दमछाक दोन्ही खात्यांत होती, तेव्हा ती फोल्डरातच होती. फेरीगणिक वाढणारा गाळ मात्र फक्त माझ्या खात्यात होता.

पहिले दुखणे माझ्या हौसेचे निघाले. फाइल मॅनेजर प्रत्येक चित्राची अंगठ्याच्या नखाएवढी प्रतिकृती दाखवतो. तिला थंबनेल म्हणतात. हळदीच्या सौद्यात वानगी दाखवतात तसे. फरक इतकाच की वानगी चिमूटभर काढता येते, थंबनेलसाठी बहुधा सबंध पोते ओट्यावर उपडे करावे लागते. पत्रे पुन्हा स्कॅन करता येणार नाहीत म्हणून मी ६०० डीपीआय ठेवले होते, आणि लहानशा आंतर्देशीयासाठीही काचेची सबंध ए-फोर जागा घेतली होती. एका पानाचे ४,९६० गुणिले ७,०१६ म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी ठिपके. दर ठिपक्याला तीन बाइट. डिस्कवर चार-पाच मेगाबाइटची दिसणारी फाइल उघडली की स्मृतीत शंभर मेगाबाइटची होते. अशी १,३८६ पाने मी एकाच फोल्डरात कोंबली होती! भले तयार थंबनेल छोटे असो, सगळ्यांची मिळून तीही अडीचशे मेगाबाइटच्या घरात जातात. ३०० डीपीआय ठेवले असते तर उघडलेल्या पानाचे ओझे चौथाईवर आले असते. लिहिलेले वाचायला तेवढे पुरते.

दुसरे दुखणे भाच्याच्या प्रेमाचे. फाइलीच्या नावापुढे चित्राची लांबी-रुंदी दिसावी म्हणून त्याने माझ्या खात्यात एक छोटे जोडसाधन बसवले होते. अशी जोडसाधने फाइल मॅनेजरच्या पोटात राहून काम करतात, त्यामुळे त्यांची उधळपट्टी यजमानाच्या नावावर पडते. आमच्याकडे हंगामी कारकुनाची चूक शाखेच्या नावावर पडे, तसे. ते काढून टाकले, नेमो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला आणि सहा फेऱ्या केल्या. आकडा थांबला. भाचा ओशाळला. मी म्हटले, "अरे, तुझी काय चूक? पत्रांची लांबी-रुंदी मीच मागितली होती."

आता राहिली होती कॅश. तयार झालेली थंबनेल पुन्हा पुन्हा करावी लागू नयेत म्हणून ती वापरणाऱ्याच्या खात्यात 'कॅश' नावाच्या लपलेल्या फोल्डरात साठवली जातात. सरळ पुसायची की! पण मोजल्याशिवाय कॅश हातावेगळी करायची नाही. त्या प्रत्येक छोट्या चित्रात ते कोणत्या फाइलीवरून केले तिचा पत्ता आणि फाइल शेवटची बदलल्याची वेळ नोंदलेली असते. व्हाउचरच म्हणायचे. भाच्याने चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून दिला: कॅशमधल्या नोंदी घे, त्या नावाची फाइल डिस्कवर कुठे आहे का पाहा, नसेल तर यादी कर. बँकेत याला ताळमेळ म्हणतात. दोन्ही बाजू जुळतील आणि मी निर्धास्तपणे कॅश पुसेन, अशी माझी खात्री होती.

यादीत चौदा नावे आली. कॅशमध्ये नोंद आहे, मूळ पान नाही. सगळी १९८१ सालातली.

मग लख्ख आठवले. दोन महिन्यांपूर्वी जागा करावी म्हणून मी १९८१चा गठ्ठा बाहेरच्या डिस्कवर हलवला होता. हलवणे संपल्याचे दिसले, पण यंत्र गोठले होते. वैतागून मी सरळ बटण बंद केले आणि डिस्क उपटली. पडद्यावर काम झाले असे दिसले तरी मजकूर काही काळ स्मृतीतच असतो आणि तिथून सवडीने डिस्कवर उतरतो. म्हणून तर डिस्क काढण्यापूर्वी 'सुरक्षितपणे काढा' असे सांगायचे असते. मी इकडची पाने पुसली आणि तिकडे ती पोचलीच नाहीत. बाहेरच्या डिस्कवर चौदा फाइलींची नावे होती, आत शून्य बाइट. सदतीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाचा ताळेबंद ठेवणाऱ्या माणसाने आपल्या आईच्या पत्रांची दुसरी प्रत ठेवली नव्हती. साधी यादीसुद्धा नव्हती. दोष कुणाला देणार?

हातात राहिली ती चौदा थंबनेल. २५६ ठिपके उंचीची. मोठी करून पाहिली तर अक्षरे विरघळून जात होती. वर 'श्री' असावे तिथे एक ठिपका, उजवीकडे तारखेची आडवी रेघ, पुराने वाहिलेल्या शाईचा निळा ओघळ आणि कडेच्या पट्टीतला तो उभा मजकूर. वाचता काहीच येत नव्हते, पण पत्र आईचे आहे हे लांबूनही कळत होते.

त्या रविवारी मी आक्काला फोन केला आणि सगळे कबूल केले. ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तारखा सांग."

फाइलींची नावे मी तारखांवरून दिली होती, ती कॅशच्या नोंदीत शाबूत होती. पाच पत्रे होती. एकेक तारीख सांगत गेलो. दोन पत्रांतले तिला काही आठवेना. एकात मिरचीच्या लोणच्याची कृती होती आणि एकात अण्णांच्या दम्याचे, एवढे तिला आठवले. पाचवी तारीख सांगितली, सप्टेंबर १९८१, आणि ती गप्प झाली.

"ते पत्र मी मुद्दाम वेगळं ठेवलं होतं," ती म्हणाली. "तू स्कॅन करताना वाचलं नाहीस होय?"

नव्हते वाचले. काचेवर पान ठेवायचे, बटण दाबायचे, पुढचे घ्यायचे. वाचन रविवारसाठी राखलेले, आणि क्रमाने आम्ही १९७९ पर्यंतच आलो होतो.

आक्काने ते पत्र मला तोंडपाठ सांगितले. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, कथा लिहून मासिकांना पाठवत होतो आणि बँकेच्या परीक्षेला बसायचे नाही म्हणून हटून बसलो होतो. पुण्याला जाण्या-येण्याचे भाडे, परीक्षेची फी, मुलाखतीला बरा शर्ट आणि चपलांऐवजी बूट, असे पावणेदोनशे रुपये आईने आक्काकडे मागितले होते. दाजी मार्केट यार्डात दिवाणजी, त्यांचाही हात ओढलेलाच. तेव्हा त्यांना सांगू नकोस, आणि बाळ्याला तर मुळीच नको, बहिणीचे पैसे म्हटले तर तो परीक्षेला जायचा नाही, असे आईने लिहिले होते. शेवटी कडेच्या पट्टीत: त्याला लिहू दे, लिहिणं वाईट नाही, पण आधी पोटाचं बघू दे.

आक्काने भिशीतले पैसे मनीऑर्डरने पाठवले. मला सांगण्यात आले की अण्णांना महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली. चव्वेचाळीस वर्षे मी तेच खरे मानत आलो. त्या पावणेदोनशे रुपयांवर मी सदतीस वर्षे नोकरी केली, घर बांधले, आणि निवृत्तीच्या पैशावर आता कादंबऱ्या लिहितो आहे.

"आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"आईनं सांगू नकोस म्हटलं होतं ना. पत्र होतं तोवर कधीतरी तूच वाचशील असं वाटायचं. आता पत्रच नाही, मग कुणीतरी सांगायला नको का?"

मी तिने सांगितलेला मजकूर टाइप केला. खाली 'आक्काच्या सांगण्यावरून' असे लिहिले आणि तारीख घातली.

त्यानंतरची व्यवस्था थोडक्यात सांगतो, कारण कुणाच्या तरी घरी अशीच पत्रे, असेच फोटो आणि असाच एक दमलेला संगणक असेल. पाने वर्षवार फोल्डरांत लावली. आता एका वेळी पन्नास-साठच उघडतात. फाइल मॅनेजरच्या पसंतींत एका मेगाबाइटहून मोठ्या फाइलींची थंबनेल करू नकोस, असे सांगून ठेवले. नको ती जोडसाधने काढली. पत्रांच्या दोन प्रती केल्या, एक सांगलीला आक्काच्या घरी, पण या वेळी वरच्या मजल्यावर. आणि गठ्ठ्याची यादी एका जाड बांधणीच्या वहीत शाईने लिहिली.

ती चौदा छोटी चित्रे कॅशमधून उचलून वेगळ्या फोल्डरात ठेवली. सगळी मिळून एका मेगाबाइटचीसुद्धा नाहीत. आक्काने सांगितलेले पत्रही त्यांच्याशेजारी आहे.

मग दुकानातल्या मुलाला फोन केला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे कॅश साफ केली. मोजून.